वाचकांचे प्रश्न : आकडा कोणत्या काट्यावरचा?

मागच्या अंकात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती की फाइल डाउनलोड झाली की तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून निघणारा लांब आकडा, साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आलीत की यावेळी सगळी जागा त्यालाच दिली. कमांडचे शब्द इथे उच्चारासारखे छापलेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करायचे.

चोपड्याहून एक वाचक : सर, माझा लॅपटॉप २०१५ चा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याच्यावर चढत नाही, म्हणून तुमचं वाचून लिनक्स मिंट घेतलं. फाइल ३ जीबीच्या आसपास. आमच्याकडे नेट रात्रीच बरं चालतं, तीन रात्री तीनदा डाउनलोड केलं आणि तिन्ही वेळा विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने काढलेला चेकसम साइटच्या आकड्याशी जुळत नाही. तिन्ही वेळचे फोटो पाठवतोय. मला तर वाटून राहिलं की मधेच कोणीतरी फाइल बदलून राहिलं. आते काय करानं?

दादा, चौथ्यांदा डाउनलोड करू नका. फोटो नीट पाहिले. साइटवरचा आकडा मोजा, ६४ अक्षरं आहेत. तुमच्या स्क्रीनवरचा मोजा, ४० आहेत. म्हणजे दोन वेगळ्या मापांची तुलना चाललीय. साइटने एसएचए-२५६ दिलाय आणि तुमच्या विंडोजने एसएचए-१ काढून दिला, कारण सर्टयुटिलला शेवटी कोणतं माप पाहिजे ते सांगितलं नाही तर ती काही न विचारता एसएचए-१ काढते. क्विंटलचा आकडा मणाच्या आकड्याशी कसा जुळणार.

अजून एक खूण तुमच्या फोटोंतच आहे. तिन्ही रात्रींचा तुमचा आकडा एकच आलाय, अक्षर न् अक्षर तोच. लाइन तुटून फाइल बिघडली असती तर दर रात्री वेगळ्या जागी बिघडली असती आणि तीन वेगळे आकडे आले असते. तीनदा तोच आकडा म्हणजे तीनदा तीच फाइल तुमच्याकडे पोचलीय. ती अस्सल आहे का ते मात्र बरोबर माप काढल्यावरच कळेल, त्यामुळे आता हे करा. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा सर्टयुटिल (सी-ई-आर-टी-यू-टी-आय-एल), मग स्पेस, मग डॅश लावून हॅशफाइल, स्पेस, फाइलचं पूर्ण नाव, स्पेस, आणि शेवटी एसएचए२५६. हा शेवटचा शब्दच राहून गेला होता. पॉवरशेलवाल्यांसाठी गेट-फाइलहॅश आहे, ते न सांगता एसएचए-२५६ च काढतं. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून त्याच्या मेनूतूनही निघतं. लिनक्सवर एसएचए२५६सम, मॅकवर शासम डॅश ए २५६.

आकडा आला की डोळ्यांनी जुळवत बसू नका. पुष्कळ लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडून देतात. अशी आठ अक्षरं म्हणजे फक्त ३२ बिट, आणि फाइलमध्ये किरकोळ बदल करत करत आठ अक्षरं जुळवून आणणं आजच्या साध्या कॉम्प्युटरलाही जड नाही. तुमचा आकडा कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, साइटवरचा कॉपी करा, नोटपॅडमध्ये कंट्रोल-एफ दाबून तो शोधायला लावा. सापडला म्हणजे ६४ च्या ६४ जुळलीत. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांनी फरक पडत नाही, पॉवरशेल कॅपिटलमध्ये दाखवतं आणि साइटवर बहुतेक स्मॉल असतं, तेवढ्यावरून फाइल खराब म्हणू नका.

हा आकडा नेमका काय आहे तेही दोन शब्दांत सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. बोलताना आपण चेकसम म्हणतो, नेमका शब्द हॅश. फाइल ३ जीबीची असो की एका ओळीची, एसएचए-२५६ तिच्यातला प्रत्येक बिट वाचून कायम २५६ बिटांचा आकडा काढतं, तो लिहिताना ० ते ९ आणि ए ते एफ वापरतात, एका अक्षरात ४ बिट, म्हणून ६४ अक्षरं. ३ जीबीत एक बिट उलटा झाला तरी नव्या आकड्यातले साधारण निम्मे बिट बदलतात, आधीच्या आकड्याशी काही नातं राहत नाही. फाइलचं नाव बदललं तर मात्र काही होत नाही, कारण नाव फाइलच्या आत नसतं.

काही जणांनी विचारलंय की साइज जुळला तर पुरे नाही का. नाही हो. कापसाचं वजन भरलं म्हणून तो कोरडा आहे असं होत नाही, पाणी मारलेला कापूसही काट्यावर तेवढाच भरतो. साइज कमी असेल तर डाउनलोड अर्धवट आहे एवढं नक्की कळतं, बरोबर असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

आता बरोबर माप काढूनही जुळलं नाही तर काय. एक, त्याच फाइलचा हॅश लगेच पुन्हा काढा. एकाच फाइलचा दोनदा वेगळा आकडा आला तर दोष डाउनलोडचा नाहीच, तुमची रॅम किंवा डिस्क चुकीचं वाचतेय आणि आधी ती तपासायला पाहिजे. दुसरं, पेन ड्राइव्हवर कॉपी केली असेल तर मूळ फाइल आणि कॉपी दोन्हींचा काढा. हे मी पोळल्यावर शिकलो. एका तालुक्याच्या गावी शाळेच्या लॅबमध्ये २० मशीनवर लिनक्स टाकत होतो, सातव्या मशीनपासून इन्स्टॉल मधेच अडकायला लागलं, दोन दिवस मशीनला दोष देत बसलो, एकाची हार्ड डिस्कसुद्धा बदलायला लावली आणि शेवटी निघालं काय तर पेन ड्राइव्ह मरायला लागला होता आणि त्याच्यावरची फाइलच बिघडलेली होती. दोन मिनिटांच्या कमांडने ते पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि शाळेच्या डिस्कचे पैसे वाचले असते, त्याची मला आजही रुखरुख आहे.

आणि नेट जिथे सारखं तुटतं तिथे मिंट, उबुंटू, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांची टॉरेंट फाइल घ्या. टॉरेंट म्हटलं की लोक दचकतात पण हे त्या-त्या प्रोजेक्टनेच अधिकृत दिलेलं असतं. त्यात फाइलचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचा हॅश आधीच लिहिलेला असतो, एखादा तुकडा खराब आला तर प्रोग्राम तेवढाच टाकून पुन्हा मागवतो, लाइट गेली तरी राहिलेल्या जागेपासून सुरू होतं. आपल्याकडच्या लोडशेडिंगच्या रात्रींना हेच धकतं.

भुसावळहून एक वाचक : माझा चेकसम पहिल्याच फटक्यात जुळला. आमच्या ऑफिसातले म्हणतात जुळला म्हणजे फाइल सेफ, डोळे मिटून इन्स्टॉल कर. बरोबर आहे ना?

ताई, डोळे उघडे ठेवा. या सगळ्या अंकात मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती तुमच्या प्रश्नातच आहे. जुळला याचा अर्थ एवढाच की तुमच्याकडची फाइल आणि तो आकडा एकमेकांचे आहेत. तो आकडा कोणी लिहिला हे त्यातून कळत नाही.

कापूस विकायला निघालेला शेतकरी आधी बाहेरच्या काट्यावर गाडी तोलून पावती खिशात ठेवतो आणि मग व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवतो. दोन्ही वजनं व्यापाऱ्याच्याच काट्यावर केली तर ती जुळणारच, त्यातून हाताला काय लागलं? तसंच इथे. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरून आकडा घेतला आणि त्या पानातच कोणी घुसलेलं असेल तर तो दोन्ही बदलेल, फाइलही आणि आकडाही, आणि तुमचा चेकसम अगदी छान जुळेल.

हे घडलेलं आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्याच वेबसाइटमध्ये घुसून मिंट १७.३ सिनॅमनची डाउनलोड लिंक भलत्या सर्व्हरवर वळवली होती, तिथल्या फाइलमध्ये त्सुनामी नावाचं बॅकडोअर (चोरून आत यायचा रस्ता) टाकलेलं होतं. प्रोजेक्टने दुसऱ्याच दिवशी स्वतः जाहीर केलं आणि खऱ्या फाइलींचे आकडे छापले, त्यामुळे ज्यांनी फाइल ठेवली होती त्यांना आपली कोणती ते तपासता आलं. पुढच्या वर्षी, मे २०१७ मध्ये, व्हिडिओ बदलायचं हँडब्रेक म्हणून सॉफ्टवेअर आहे त्याचा एक मिरर सर्व्हर (त्याच फाइलींची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असाच बाटला, मॅकवाल्यांची फाइल बदललेली होती. हँडब्रेकचं प्रकरण मुद्दाम सांगतोय, कारण तिथे चेकसम खरोखर कामाचा होता. फाइल मिररवर आणि आकडा प्रोजेक्टच्या मुख्य ठिकाणी, म्हणजे काटे दोन वेगळे. मिररवरून फाइल घ्या, काही हरकत नाही, पण आकडा मुख्य साइटवरून घ्या, आणि तो https वाल्या पानावरून.

मुख्य साइटच बाटली तर? त्यासाठी सही असते. मिंट काय, उबुंटू काय, डेबियन काय, हे लोक सगळ्या फाइलींचे हॅश एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितात आणि त्या टेक्स्ट फाइलवर जीपीजी नावाच्या सॉफ्टवेअरने डिजिटल सही करतात. सहीची खासगी किल्ली वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवत नाहीत, निदान ठेवू नये, त्यामुळे साइटमध्ये घुसलेला माणूस आकडा बदलू शकतो पण सही करू शकत नाही. तुम्ही त्यांची सार्वजनिक किल्ली घ्यायची, तिचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट दोन-तीन वेगळ्या ठिकाणी बघायचा, जुन्या मासिकात, एखाद्या ओळखीच्याच्या मशीनवर, दुसऱ्या साइटवर, आणि मग सही तपासायची. शेवटची आठच अक्षरं बघून चालत नाही, तेवढी जुळणारी खोटी किल्ली बनवता येते. तपासल्यावर ‘गुड सिग्नेचर’ आलं आणि खाली या किल्लीवर कोणी भरवसा नोंदवलेला नाही अशी वॉर्निंग आली तर दचकू नका, ती वॉर्निंग एवढंच म्हणते की ही किल्ली त्यांचीच आहे हे तुम्ही तुमच्या बाजूने नोंदवलेलं नाही, म्हणूनच फिंगरप्रिंट बघायला सांगितलं. ‘बॅड सिग्नेचर’ आलं तर तिथेच थांबायचं, पुढे जायचंच नाही.

किल्लीचं हे काम पहिल्यांदा अर्धा तास खातं, खरंय. पण एकदाच करावं लागतं. पुढच्या वेळी तीच किल्ली तुमच्याकडे असते. आणि एकदा लिनक्स बसलं की आतून, त्यातल्या सॉफ्टवेअर घ्यायच्या कमांडने म्हणजे अ‍ॅप्टने जे पॅकेज घ्याल त्याची ही सगळी साखळी मशीन स्वतः तपासतं: सही केलेल्या रिलीज फाइलीत पॅकेजच्या याद्यांचे हॅश, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश. म्हणून सॉफ्टवेअर तिथूनच घ्या, गुगलवर शोधून कुठल्याही साइटवरून नको.

सही बरोबर असूनही माल खराब निघाल्याची उदाहरणं आहेत, तीही लपवत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ व्हर्जनमध्ये कंपनीच्या सिस्टिममध्ये घुसून कोणीतरी बनवतानाच विष कालवलं होतं, वर कंपनीची खरीखुरी सही होती, २० लाखांहून जास्त मशीनवर ते गेलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सगळीकडे लागणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर निघालं, तेही प्रोजेक्टचा विश्वास मिळवलेल्या माणसाने टाकलेलं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेले म्हणून. अशा ठिकाणी चेकसम काही करू शकत नाही, कारण बाटलेली फाइल हीच तिथे अधिकृत फाइल असते. त्यापासून वाचायला अपडेट वेळेवर घेणं आणि अशा बातम्यांवर लक्ष ठेवणं, एवढंच आपल्या हातात.

शहाद्याहून एक सेवा केंद्र चालक : थंब मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा आधारच्या तपासणीला पाठवणारं सॉफ्टवेअर) कधी उडाली की आम्ही केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागतो, कोणीतरी झिप टाकतं. तिच्यात चेकसमपण लिहून देतात. चालेल ना?

भाऊ, हे कृपा करून आजपासून बंद करा. झिप ज्याने टाकली त्यानेच आकडाही लिहिला, काटा त्याचाच झाला. आणि तुमच्या मशीनवर लोकांचे अंगठे उमटतात, आधारशी जोडलेले व्यवहार होतात, तोरणमाळ-धडगावकडून दिवस मोडून आलेली माणसं तुमच्यावर भरवसा ठेवून बोट टेकवतात. तिथे कोणाकोणाच्या हातून फिरलेला ड्रायव्हर नको.

मशीन ज्या कंपनीची तिच्या साइटवरूनच घ्या, पत्ता मशीनच्या खोक्यावर असतो तो हाताने टाइप करा, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक नको. पुष्कळ कंपन्या आकडा छापतच नाहीत ही खरी अडचण आहे, छापायला पाहिजे. मग दुसरा उपाय: सेटअपच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे डिजिटल सिग्नेचर्स नावाचा टॅब दिसतो का बघा, त्यात कंपनीचं नाव बरोबर आहे का आणि डिटेल्समध्ये सही व्यवस्थित असल्याचं लिहिलंय का. टॅबच नसेल तर फाइल चालवू नका आणि कंपनीला फोन करा. हॅश काढून तो व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटच्या सर्चमध्ये टाकला तर ती फाइल आधी कोणी तपासली होती का, अँटीव्हायरस काय म्हणाले, तेही दिसतं. फक्त हॅश टाकायचा. ग्राहकांची कागदपत्रं असलेली कुठलीही फाइल तिथे अपलोड करायची नाही.

एकदा खात्रीची फाइल मिळाली की तिचा एसएचए-२५६ वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सिस्टिम उडाली की त्याच फाइलशी तुमच्याच वहीतला आकडा जुळवा, हा काटा तुमचा स्वतःचा.

पाचोऱ्याहून एक विद्यार्थी : साइटवर फक्त एमडी५ दिलाय. तो वापरू का?

डाउनलोड तुटलं का एवढं बघायला वापर, त्याला तो पुरतो. कोणी मुद्दाम बदललंय का यासाठी नको. एमडी५ हे रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये बनवलं, ३२ अक्षरांचं, आणि २००४ मध्ये चीनच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली करून दाखवल्या. एसएचए-१ चं तेच २०१७ ला झालं, गुगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने दोन पीडीएफ काढल्या, दिसायला वेगळ्या, हॅश एकच. एसएचए-२५६ बाबत असं अजून कोणाला जमलेलं नाही.

तू अजून विचारलंस की आधारच्या शेवटच्या आकड्यालाही चेकसम म्हणतात, ते हेच का. जात एकच, ताकद वेगळी. आधारचा बारावा अंक व्हरहॉफ पद्धतीने आधीच्या अकरांवरून निघतो, एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले तर लगेच पकडतो. तो टाइप करणाऱ्याच्या चुकीसाठी आहे. खोटा नंबर बनवणारा बारावा अंक बरोबर काढूच शकतो, पद्धत सगळ्यांना माहीत आहे.

रावेरहून एक शेतकरी : मुलाच्या मोबाइलवर पीएम किसानचं म्हणून एपीके (मोबाइलच्या अ‍ॅपची फाइल) आलं, ओळखीच्याच नंबरवरून. तेही असं तपासता येतं का?

काका, येत नाही, आणि तपासायच्या भानगडीत पडूच नका, डिलीट करा. जुळवायला अधिकृत आकडा पाहिजे, तोच इथे नाही. ओळखीच्या नंबरवरून आलं याचा अर्थ बहुतेक त्यांचा फोन आधीच गेलाय, त्यांना फोन करून सांगा. लग्नपत्रिका, ई-चलान, बँकेचं केवायसी, सगळ्या नावांनी अशा फाइली फिरताहेत. सरकारी अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं.

अँड्रॉइड स्वतः एक तपासणी करतं ती मुलाला सांगून ठेवा. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची सही असते, आणि आधीच्या अ‍ॅपवर वेगळ्या सहीचं अपडेट फोन चढू देत नाही, ‘इन्स्टॉल झालं नाही’ म्हणतो. मग समोरचा फोनवर सांगतो की जुनं काढून टाका आणि हे टाका. तिथेच लोक फसतात, कारण जुनं काढलं की जुळवायला जुनी सहीच उरत नाही. चुकून टाकलं गेलं असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि १९३० ला लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका.

धुळ्याहून एक वकील : नव्या साक्ष कायद्याच्या प्रमाणपत्रात हॅश मागतात. मोबाइलमधल्या व्हिडिओचा काढला आणि अशिलाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्याचा काढला, दोन वेगळे आले. आता कोणता लिहू?

वकीलसाहेब, मोबाइलमधल्या मूळ फाइलचा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहायचं असतं, एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय छापलेले आहेत. वर पाचोऱ्याच्या मुलाला सांगितलं त्याच कारणाने एसएचए-२५६ वर खूण करा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, दिसायला तोच पण बिट वेगळे, म्हणून आकडा बदलला. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर बदलला नसता. पुढच्या वेळी अशील ऑफिसात आल्या आल्या केबलने फाइल घ्या, त्याच्यासमोरच हॅश काढा, तारीख-वेळ घालून दोघांच्या सहीने लिहून ठेवा आणि मगच बाकीच्या कॉप्या करा. एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका, नुसतं फिरवून सरळ केलं आणि सेव्ह केलं तरी आकडा बदलतो. तुमच्याकडे आता जी केस आहे तिथे मोबाइल अजून अशिलाकडेच असेल तर तो फॉर्मॅट करायच्या आत बोलावून घ्या.